दुर्गीचा खटला

"आरोपी दुर्गी हजर आहे," रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून सरोदेवकील म्हणाले. "मात्र मला विचाराल तर या खुर्चीत चुकीचं माणूस बसवलंय."

लोक हसले. खुर्चीच्या पाठीला सुतळीने एक पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर लाल शाईने 'दुर्गी' असं लिहिलं होतं. बचावाच्या टेबलाशी मी बसले होते. वकिलांचं बोट खुर्चीकडे होतं, पण बोलताना ते माझ्याकडे बघत होते. मीही नजर काढून घेतली नाही. आमचं वैर गावाला माहीत होतं. निम्मं सभागृह त्यासाठीच भरलं असावं.

खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावात वाचनालयाच्या वर्धापनदिनाला अभिरूप न्यायालय भरतं. दरवर्षी एखाद्या कादंबरीतल्या पात्रावर खटला चालतो. गावातला खरा वकील खरा काळा कोट घालून आरोप ठेवतो, दुसरं कोणीतरी बचाव करतं, आणि शेवटी श्रोते हात वर करून निकाल देतात. हे सगळं लोक फार मनावर घेतात. एका वर्षी एका नायकाला जन्मठेप झाली, तर त्याच्या बाजूच्या मंडळींनी पुढच्या वर्षी रीतसर अपील करून त्याला सोडवून आणलं होतं.

त्या वर्षी 'मागलं दार' या कादंबरीला पंचाहत्तर वर्षं झाली होती. लेखक आमच्या गावचे, त्यामुळे ती आमच्याकडे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ. एका घरात दोन जावा. थोरली दुर्गी, विधवा. धाकटी मनू, अठरा वर्षांची. मनूने लग्नानंतर तिच्या जुन्या मास्तरांना लिहिलेली पत्रं एक दिवस सासऱ्याच्या हाती लागतात. पत्रांखाली नाव नसतं. मनू बोलायच्या आत दुर्गी पुढे होऊन सांगते, पत्रं माझी. तिला त्याच संध्याकाळी मागच्या दाराने बाहेर काढतात. पुढे तीस वर्षं ती त्याच गावात लोकांची दळणं दळून जगते, गाव तिच्या सावलीला उभं राहत नाही. मनू घराची लक्ष्मी होते. ती कधीच काही बोलत नाही.

आई जानेवारीत गेली होती. हा खटला ऑगस्टमधला.

आई या वाचनालयात सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होती. गावात तिला भंगाळेबाई म्हणत. वडील मी चौथीत असताना गेले, तेव्हापासून शाळा सुटली की मी वाचनालयातच असायची. दाराशी एक फळा होता. त्यावर रंगाने सगळ्या ग्रंथपालांची नावं आणि वर्षं लिहिलेली. आईच्या आधीच्या गृहस्थांचं नाव होतं, आईच्या नंतर आलेल्या मुलाचं होतं. मधली ओळ रंगवून टाकलेली होती. सत्तावीस वर्षं वाचनालय जणू आपोआप चाललं.

कारण असं. 'मागलं दार'ची लेखकाची स्वतःची प्रत त्यांच्या वारसांनी वाचनालयाला दिली होती. समासात लेखकाने पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या होत्या, आणि शेवटच्या प्रकरणात तर म्हणे शेवटच बदलला होता. ती प्रत लोखंडी कपाटात असायची. कोणी ती बाहेर काढत नसे, उतरवून घ्यायचं कोणाला सुचलं नाही. ती आहे, एवढं गावाला पुरे होतं. सात वर्षांपूर्वी पुण्याहून एक प्राध्यापक ती पाहायला आले. कपाट उघडलं तर आत एक नवी बांधलेली, स्वच्छ, कोरी प्रत. आईने सांगितलं की ही तीच प्रत आहे, माझ्या हातून चुकून बांधणीला गेली, खुणा खोडल्या गेल्या, कडा कापल्या गेल्या. गावाने ठरवलं की बाईंनी अस्सल प्रत बाहेर विकली आणि जागेवर दुसरी ठेवली. सरोदेवकील तेव्हा अध्यक्ष होते. त्यांनी आठ दिवसांत आईला काढलं. पुढच्याच बैठकीत तिचं सभासदत्वही रद्द झालं. उरलेली वर्षं आई जुनी वर्तमानपत्रं वाचायची, किंवा मी सुट्टीत नेलेली पुस्तकं. लग्नाकार्यात तिच्या शेजारच्या बायका हळूच दुसऱ्या पंगतीत जाऊन बसायच्या.

वाचनालयात बांधणीची एक वही असते. बांधणीवाल्याला दिलेल्या प्रत्येक पुस्तकाचा त्यात दाखल क्रमांकासह उल्लेख असतो. त्या प्रतीचा क्रमांक अकराशे सात. वहीत अकराशे सातची नोंद असेल तर प्रत खरंच बांधणीला गेली होती आणि आई चोर नव्हती, इतकं सरळ होतं. मी वहीसाठी सरोदेवकिलांना तीन पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नाही. वही त्यांनी वाचनालयातच कुलपात ठेवायला लावली आहे, एवढंच कानावर आलं होतं. आईला विचारलं की ती म्हणायची, "नको त्या वहीच्या मागे लागूस." मला वाटायचं, ती थकली आहे.

म्हणून सध्याचा कार्यवाह किरण वाणी दुर्गीचा बचाव कराल का असं विचारायला आला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मी पुण्यात कॉलेजात मराठी शिकवते, त्याला वाटलं मला विषयाची आवड आहे.

सरोदेवकिलांचं भाषण रंगलं. सत्तरी ओलांडली होती, पण आवाज कोर्टातलाच होता. त्यांचा आरोप असा होता की दुर्गीने त्याग केलाच नाही. तिने एका घराला खोटं सांगितलं आणि त्याहून वाईट म्हणजे एका तरुण मुलीला खरं बोलायची वेळच येऊ दिली नाही. मग ते टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आता मनूकडे बघा. तीस वर्षं मानाने जगली. शिकलेली, चारचौघांत नाव असलेली. घराबाहेर काढलेली बाई त्याच गावात दळण दळतेय हे तिला दिसत नव्हतं? की दिसत होतं आणि सोयीचं होतं? पुण्याच्या विदुषी यावर काय म्हणतात ते ऐकायला मी उत्सुक आहे."

कादंबरीतली मनू जेमतेम चौथी शिकलेली आहे. हे लक्षात आलं, पण मला वाटलं वकील भाषणाच्या भरात वाहवले. मी उठले.

सुरुवातीला मी कादंबरीला धरूनच बोलले. म्हटलं, दुर्गीला ठाऊक होतं की विधवेचं नाव आधीच अर्धं गेलेलं असतं, मनूचं सगळंच जाणार होतं. तिने हिशोब करून स्वतःचं अर्धं दिलं. लोकांनी माना हलवल्या. सरोदे बसल्या जागेवरून म्हणाले, "म्हणजे दुर्गीने स्वस्तात सौदा केला म्हणा." हशा झाला. मी म्हटलं, "वकीलसाहेब, दुसऱ्याच्या बदनामीची किंमत तुम्ही नेहमीच अचूक करता." त्यावर जास्त मोठा हशा झाला आणि मागच्या रांगांतून कोणीतरी शिट्टी वाजवली.

न्यायमूर्तींच्या खुर्चीत आमचे निवृत्त प्राचार्य खैरनार सर होते. त्यांनी मला शिकवलं होतं. ते म्हणाले, "सुनीती, कादंबरीपुरतं बोल."

"सर, कादंबरीपुरतंच बोलते. दुर्गीचा गुन्हा सिद्ध करायला सासऱ्याने पत्रांवरचं अक्षर तपासलं नाही. पुरावा घरात होता, पण तो कोणाला नको होता. आपल्याकडेही असं घडलंय. पुरावा याच इमारतीत आहे. मला बांधणीची वही हवी. सात वर्षांपूर्वीपर्यंतची."

किरण वाणी माझ्याकडे आणि सरांकडे आळीपाळीने बघू लागला.

"ती वही आणायची नाही," सरोदे म्हणाले. ते उभे राहिले होते. हा त्यांचा कोर्टातला आवाज नव्हता.

मला आनंद झाला. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. मी लोकांकडे वळून म्हटलं, "बघा. आरोप ठेवणाऱ्यालाच पुरावा नकोय."

"खेळ आहे हा, बाई. खेळात मयत माणसांना ओढू नका."

"ती जिवंत होती तेव्हा तुम्ही खेळत नव्हतात."

टाळ्या पडल्या. कोणी तरी ओरडलं, आणा वही. मग पुष्कळजण ओरडले. खैरनार सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि किरणला मान हलवून खूण केली. किरण गेला. तो येईपर्यंतच्या पाचेक मिनिटांत सरोदेवकील माझ्या टेबलाजवळ आले आणि मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून वेळ आहे. वही मागे घेतली म्हणून सांगा."

मी म्हटलं, "घाम पुसा, वकीलसाहेब."

वही जाड होती, कापडी पाठीची. मी ती सगळ्यांसमोर उघडली. सात वर्षांपूर्वीच्या नोंदींपासून मागे मागे पानं उलटत गेले. दहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या एका पानावर बावीस पुस्तकं होती. सोळाव्या ओळीत अकराशे सात होतं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'वाचकांनी समासात पेन्सिलीने फार लिहून ठेवले आहे, सर्व खोडून पाठवले.'

ते वाक्य माझं होतं.

ते वाचताक्षणी मला तो मे महिना सगळा दिसला. वाळवीचं औषध मारायचं म्हणून सगळी कपाटं रिकामी केली होती, लोखंडीसुद्धा. हॉलभर पुस्तकांचे ढीग. माझी एम.ए.ची परीक्षा नुकतीच संपली होती आणि मी आईला मदत करत होते. भुसावळला मावशीचं ऑपरेशन निघालं आणि आई चार दिवस तिकडे गेली. बांधणीवाला फक्त गुरुवारी यायचा, म्हणून जाताना तिने वहीच्या कोऱ्या पानाखाली सही करून ठेवली आणि मला सांगितलं की फाटकी पुस्तकं निवड, यादी कर, गठ्ठा दे. पुस्तकात लिहिणाऱ्या वाचकांवर आईचा भयंकर राग. टेबलावर तिने पाटीच लावली होती, 'पुस्तक ही तुमची वही नाही'. तिने मला पांढरे खोडरबर आणून दिले होते. तीन दिवस मी फरशीवर बसून खोडत होते. शंभरेक पुस्तकं असतील. 'मागलं दार'च्या सात प्रती एकत्र आल्या होत्या, त्यांतली सगळ्यात खिळखिळी एक मी बाजूला काढली. त्या प्रतीत तर कहर होता. शेवटच्या पानांवर रिकामी जागाच नव्हती. मला आठवतं, मी मनात म्हटलं होतं, कोण हा शहाणा, कादंबरी परत लिहायला निघालाय.

वाचलं का मी ते? नाही वाचलं. आईची शिकवण होती की असल्या रेघोट्या वाचायच्यासुद्धा नाहीत, वाचल्या की लिहिणाऱ्याला मान मिळतो.

जूनमध्ये मी पुण्याला गेले. गठ्ठा परत आला तेव्हा मी नव्हते. आणि पुढे जे प्राध्यापक ती प्रत पाहायला आले, त्यांच्याच हाताखाली मी पीएच.डी. करत होते.

आई फोनवर म्हणाली होती, "पुस्तक बांधणीत खराब झालं. माझ्या हातून झालं." मी तिला विचारलंही नाही, कधीच्या बांधणीत.

खैरनार सर म्हणाले, "नोंद आहे का?" मी हो म्हटलं असावं, कारण लोकांत कुजबुज सुरू झाली. म्हणजे प्रत बांधणीला गेलीच होती. म्हणजे बाईंनी विकली नव्हती. मला हवं होतं ते झालं होतं. एवढ्यावर वही मिटून खाली बसले असते तरी चाललं असतं.

सरोदेवकील घाईने पुढे आले. "न्यायमूर्ती महाराज, आरोपी दुर्गीविरुद्धचा आरोप मी बिनशर्त मागे घेतो. पुराव्याची पुढे गरज नाही." त्यांनी माझ्या हातातली वही मिटवायला हात पुढे केला. त्यांचा पंजा नेमका सोळाव्या ओळीवर पडला. मग मला कळलं की हे त्यांना माहीत होतं. वही त्यांनी स्वतःसाठी कुलपात ठेवली नव्हती.

"हात काढा," मी म्हटलं.

"बसा खाली," ते पुटपुटले. "त्यांनी मला शब्द द्यायला लावलाय."

मी त्यांचा हात बाजूला केला आणि नोंद मोठ्याने वाचली. क्रमांक, नाव, शेरा. मग सांगितलं की हे मी लिहिलंय. खुणा मी खोडल्या. प्रत मी गठ्ठ्यात घातली. आई त्या दिवशी गावातच नव्हती. तुम्ही सात वर्षं चुकीच्या बाईला वाळीत टाकलंत. हे सांगताना माझा आवाज स्थिर होता. मला वाटत होतं, निदान एवढं मी नीट केलं.

पुढच्या रांगेत एक वृद्ध बाई होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

खैरनार सर म्हणाले, "आण बघू इकडे." त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली, पान उलटलं, आधीचं पाहिलं, नंतरचं पाहिलं. मग फार मायेने म्हणाले, "सुनीती, हे अक्षर भंगाळेबाईंचं आहे, बेटा. सत्तावीस वर्षं माझ्या कार्डावर हेच अक्षर होतं. आणि खाली सही त्यांचीच आहे."

"सर, अक्षर मला तिनेच शिकवलं. वाचनालयाच्या कार्डांवर गिरवून शिकले मी. शाळेत तुम्हीच मला विचारलं होतं की गृहपाठ आईकडून करून घेतेस का. सही तिने कोऱ्या पानावर केली होती."

"कोऱ्या पानावर? भंगाळेबाई?"

लोक हसले नाहीत, पण हसल्यासारखा एक आवाज झाला. आई किती काटेकोर होती हे सगळ्यांना माहीत होतं. आजवर तिच्याविरुद्ध सगळं खरं मानणाऱ्या लोकांना ही एकच गोष्ट मात्र पटेना.

"ती भुसावळला होती," मी म्हटलं. "रजेचा अर्ज दिला होता. वकीलसाहेबांनीच मंजूर केला होता, ते अध्यक्ष होते. विचारा त्यांना."

सरांनी सरोदेवकिलांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ते टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. सात वर्षं ज्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं, त्याने आता एक हो म्हणावं म्हणून मी वाट बघत होते.

"मला आठवत नाही," सरोदेवकील म्हणाले.

त्यानंतर काय झालं ते फार पटकन झालं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले की आपण एका दुर्गीवर खटला भरवला आणि दुसरी आपल्यासमोर उभी राहिली. आईचा दोष मुलगी भर सभेत स्वतःच्या माथी घेतेय, स्वतःच्या नोकरीची, नावाची पर्वा न करता. असं आपण पुस्तकात वाचतो. लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मी नाही नाही म्हणत होते, आणि मी जितकं नाही म्हणत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. दुर्गी निर्दोष ठरली. एकही हात विरोधात नव्हता.

खाली उतरले तर बायकांनी मला घेरलं. एकीने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्या पदर लावलेल्या बाई म्हणाल्या, "लेक असावी तर अशी. तुझ्या आईने काही का केलेलं असेना." मी त्यांना म्हटलं, तिने काही केलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हो गं बाई, हो. तू तसंच म्हणशील." आईच्या शेजारून उठून दुसऱ्या पंगतीत जाणाऱ्या बायकांत त्या होत्या. मला त्यांचा हात झटकावासा वाटला, पण झटकला नाही.

किरण वाणी गर्दीतून वाट काढत आला. त्याचे डोळे ओले होते. म्हणाला, "ताई, कार्यकारिणीचं आत्ताच बोलणं झालं. बाईंचं नाव फळ्यावर लिहायचं ठरलंय. विक्रीचं ते बोलणं चुकीचंच होतं, आणि चुकून खराब केलं असलं तरी आता लोकांच्या मनात काही नाही. तुमच्यामुळे माफ केलं सगळ्यांनी."

"कोणाला माफ केलं?"

तो गोंधळला. "बाईंना."

मी त्याला सांगितलं की असं असेल तर नाव लिहू नका. त्याला ते माझ्या मोठेपणाचाच भाग वाटलं असणार, कारण त्याने वाकून मला नमस्कार केला. नाव त्याच महिन्यात लिहिलं गेलं.

सरोदेवकील बाहेर पायऱ्यांजवळ कोट हातावर टाकून रिक्षाची वाट बघत होते. सहा वाजले असतील, चांगलं ऊन होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"अर्ज तुम्ही मंजूर केला होता."

"माझ्या घरी आहे तो. फाइलमधून मीच काढून घेतला. बाई रजेवर असताना वही कोण लिहीत होतं ते त्या तारखांवरून कळलं, आणि मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलीचं नुकतं कुठे सुरू होतंय, तिचे प्राध्यापकच समोर बसलेत, आजन्म हिचं नाव हेच राहील. मी म्हटलं, तुम्हाला चोर ठरवतील. म्हणाल्या, सही माझी आहे ना. आणि गठ्ठा परत आल्यावर तीन वर्षं कपाटाची किल्ली मी कोणाला दिली नाही, तेही माझंच आहे." ते थांबले. "त्यांना काढायचं पत्र मी स्वतः टाइप केलं. कारकुनाला दिलं नाही."

"मला हे माहीत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात मऊपणा नव्हता.

"सात वर्षं मी समजत होतो की तुम्हाला माहीत आहे. तुमची ती पत्रं यायची, बाणेदार, तेव्हा वाटायचं काय निगरगट्ट मुलगी आहे. आज तुम्ही वाचलंत, तर कदाचित माहीत नसेलही. पण शंभर पुस्तकं खोडणाऱ्या माणसाला एकदाही वाटू नये, की त्यात ते असेल? तुम्ही वाचणाऱ्या, शिकवणाऱ्या बाई. तुम्ही विचारलंच नाहीत."

ते रस्त्याकडे बघू लागले.

"मग आत चला," मी म्हटलं. "लोक अजून आहेत. अर्ज आणा, दाखवा. आता लपवून कोणाचं भलं होणार आहे? मी स्वतः सांगतेय ना."

"तुमचं भलं होईल. झोप लागेल तुम्हाला." रिक्षा आली होती. ते आत बसले, कोट मांडीवर नीट घडी करून ठेवला. "शब्द मी त्यांना दिलाय, तुम्हाला नाही. त्यातून त्यांनीच मला सोडवायचं. त्या आता आहेत का?"

रिक्षा निघून गेली.

दोन वर्षांनी सरोदेवकील वारले. मी त्यांच्या मुलाला भेटून अर्जाबद्दल विचारलं. तो म्हणाला, आजारपणात बाबांनी बरेच कागद स्वतः बसून जाळले.

मी हे अजूनही सांगते. वर्गात सांगितलंय, एकदा एका परिसंवादात सांगितलंय, माझ्या प्राध्यापकांना त्यांच्या घरी जाऊन सांगितलंय. ते फार सज्जन आहेत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुनीती, आईवर इतका जीव बरा नाही."